कार्टून ड्रॅगन संगणकावर काढताना: कच्च्या रेखाटनापासून शेडिंगपर्यंतचा क्रम

संगणकावर ड्रॅगनसारखा काल्पनिक प्राणी काढणाऱ्यांचे चित्र बहुधा रेषेपर्यंत चांगले उतरते आणि शेडिंगला हात घातला की बिघडते. रंग मळकट दिसू लागतात, प्रत्येक अवयवाच्या कडेने काळपट पट्टा येतो आणि एवढे करूनही अंगाला गोलाई येत नाही. मग दोष ब्रशवर ढकलला जातो आणि नवनवे ब्रश शोधण्यात वेळ जातो. खरे कारण वेगळे असते. सावलीचा आकार ठरतो तो घन वस्तू आणि तिच्यावर पडणारा प्रकाश यांच्यामुळे. त्यामुळे घन आकार नीट उभा केलेला नसेल आणि प्रकाशाची दिशा ठरलेली नसेल, तर सावलीची कड नेमकी कुठे थांबवायची याचे उत्तर कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये सापडत नाही. म्हणूनच या लेखात सावलीचा पहिला फटकारा बऱ्याच उशिरा येतो.

खालील कृती क्रिटा या मोफत सॉफ्टवेअरला धरून दिली आहे. फोटोशॉप, क्लिप स्टुडिओ पेंट किंवा गिंप वापरणाऱ्यांनीही क्रम हाच ठेवावा. जिथे वाट वेगळी होते तिथे तसे सांगितले आहे. उदाहरणासाठी मागच्या पायांवर बसलेले, पंख अर्धवट उघडलेले आणि किंचित बाजूने दिसणारे ड्रॅगनचे पिल्लू घेतले आहे, कारण या बैठकीत डोके, पोट, पंख आणि शेपटी एकमेकांवर सावली टाकतात आणि शेडिंगमधले बहुतेक प्रश्न एकाच चित्रात समोर येतात.

टप्पा १: फाइल आणि साधनांची तयारी

नवी फाइल ३००० × ३००० पिक्सेलची घ्यावी. चित्र कागदावर छापायचे असेल तर ए-४ आकारासाठी ३०० डीपीआयला (दर इंचातले ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. केवळ पडद्यावर पाहायच्या चित्रात डीपीआयच्या आकड्याने काहीही फरक पडत नाही, तिथे फक्त पिक्सेल मोजायचे. रंगपद्धत आरजीबी, ८ बिट आणि प्रोफाइल एसआरजीबी ठेवावे.

पार्श्वभूमीचा लेयर (चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी एक) पांढरा न ठेवता फिकट करडा करावा. पांढऱ्यावर प्रत्येक रंग असतो त्यापेक्षा गडद भासतो, आणि रंग भरताना राहून गेलेली पांढुरकी भोकेही त्यावर दिसत नाहीत. ही दोन मिनिटांची तयारी पुढचा बराच त्रास वाचवते.

पेनटॅबलेट असल्यास हलका, मध्यम आणि जोराचा असे तीन फटकारे मारून जाडी खरोखर बदलते का ते आधी पाहावे. सगळी जाडी शेवटच्या जोरातच येत असेल, तर क्रिटाच्या सेटिंगमध्ये टॅबलेटसाठी दाबाचा वक्र असतो, तो किंचित वर उचलावा. हात थरथरत असेल तर ब्रश स्मूदिंगमध्ये ‘स्टॅबिलायझर’ निवडावा. मात्र तो केवळ पक्क्या रेषेसाठी वापरावा, कच्च्या रेखाटनात तो हाताचा वेग मारतो.

संदर्भासाठी पाल किंवा सरडा, वटवाघळाचा उघडा पंख आणि मगरीचा पाय यांची छायाचित्रे समोर ठेवावीत. दुसऱ्यांनी काढलेले ड्रॅगन समोर ठेवू नयेत. त्यांत त्या चित्रकाराने आधीच केलेल्या सोप्या खुणा असतात, आणि त्या का केल्या हे न कळता आपण त्या उतरवून घेतो.

टप्पा २: कच्चे रेखाटन, पण घन आकारांतून

नव्या लेयरवर निळसर किंवा तांबूस रंगाने काम सुरू करावे. आधी पाठीचा कणा डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकाच वळणदार रेषेत काढावा. त्या रेषेवर छातीचा मोठा अंडाकृती, कमरेचा त्याहून लहान अंडाकृती आणि डोक्याचा गोल बसवावा. नाकाडासाठी गोलाला पुढून एक आखूड, कडा गोलावलेली पेटी जोडावी. शेपटी म्हणजे टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या नळकांड्यांची साखळी. पिल्लू गोंडस दिसायला हवे असेल तर डोक्याची उंची एकूण उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी ठेवू नये आणि डोळे डोक्याच्या मध्यरेषेच्या थोडे खाली बसवावेत.

पंखांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण सर्वाधिक चुका तिथे होतात. वटवाघळाचा पंख हा मुळात हातच आहे: खांदा, कोपर, मनगट, आखूड अंगठा आणि खूप लांबलेली बोटे, आणि त्या बोटांमध्ये ताणलेला कातडीचा पडदा. ड्रॅगनचा पंखही याच क्रमाने काढावा. पुढच्या पायाच्या खांद्याच्या किंचित मागे आणि वर त्याचे मूळ ठेवावे, आधी फक्त हाडे काढावीत आणि मग बोटांच्या टोकांमधून आत झुकलेल्या कमानींनी पडदा जोडावा. पाठीच्या मधोमध चिकटवलेला, सांधे नसलेला पंख कितीही सुंदर रंगवला तरी प्राण्याचा वाटत नाही.

आता या टप्प्यातले सर्वांत महत्त्वाचे काम. एका वेगळ्या लेयरवर प्रत्येक घन आकाराभोवती आडव्या वेढ्यांच्या रेषा काढाव्यात. पोटाला दोन-तीन वेढे, शेपटीच्या प्रत्येक नळकांड्याला एक, नाकाडावर एक, गालावर एक. पृष्ठभाग आपल्याकडे वळला आहे की दूर, हे या रेषांचा बाक सांगतो. पुढे सावलीची कड याच बाकाने फिरणार आहे, त्यामुळे हा लेयर पुसू नये. त्याला ‘वेढे’ असे नाव देऊन लपवून ठेवावा. शेडिंगमध्ये अडकलेल्या बहुतेकांनी नेमकी हीच पायरी गाळलेली असते.

तपासणी: क्रिटात ‘एम’ ही कळ दाबली की चित्र आरशातल्यासारखे उलटे दिसते. डोळे खालीवर झालेले, डोके एका बाजूला घसरलेले लगेच कळते. त्यानंतर संपूर्ण आकृती तात्पुरत्या लेयरवर काळ्या रंगाने भरून पाहावी. केवळ बाह्याकृतीवरून पंख, शिंगे आणि शेपटी ओळखू येत नसतील, तर बैठक आताच बदलावी. रंगाने ही अडचण सुटत नाही.

टप्पा ३: पक्की रेषा

रेखाटनाच्या लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) २० ते २५ टक्क्यांवर आणून त्यावर रेषेसाठी नवा लेयर घ्यावा. दाबाप्रमाणे जाडी बदलणारा, पण ओपॅसिटी न बदलणारा ब्रश निवडावा. ३००० पिक्सेलच्या कॅनव्हासवर बाहेरची रेषा सुमारे १० ते १४ पिक्सेल आणि आतल्या घड्या, बोटांच्या फटी, पोटावरचे पट्टे ५ ते ७ पिक्सेल ठेवल्यास आकृती सुटी आणि स्पष्ट दिसते. जिथे एक अवयव दुसऱ्याच्या पुढे येतो तिथे पुढच्या अवयवाची रेषा जाड करावी.

लांब वक्र काढताना हात वाकडा करण्यापेक्षा कॅनव्हास फिरवावा. क्रिटात ‘४’ आणि ‘६’ या कळांनी तो फिरतो आणि ‘५’ ने सरळ होतो. एक वक्र एकाच फटकाऱ्यात यावा. नाही आला तर पूर्ववत करून पुन्हा मारावा, तुकडे जोडत बसू नये.

इशारा: चुकलेली रेषा पांढऱ्या किंवा करड्या रंगाने झाकू नये, खोडरबरानेच पुसावी. झाकलेला भाग डोळ्यांना रिकामा वाटला तरी त्या जागी रंग असतो, आणि खाली भरलेल्या रंगांवर तो डागासारखा उमटतो.

तपासणी: २०० टक्के झूम करून संपूर्ण कडेने एक फेरी मारावी आणि रेषेतल्या बारीक फटी बंद कराव्यात. काखेत, बोटांच्या मुळाशी आणि पंख पाठीला मिळतो तिथे फट हमखास राहते.

टप्पा ४: सपाट रंग आणि लेयरांची रचना

या टप्प्यावर घाई झाली की पुढची सगळी दुरुस्ती दुप्पट होते, म्हणून इथे क्रम काटेकोर पाळावा.

१. रेषेच्या लेयरखाली एक ग्रुप तयार करावा आणि त्याला ‘ड्रॅगन’ असे नाव द्यावे. त्यात एक रिकामा लेयर ठेवावा. हा पायाचा लेयर.

२. रेषेचा लेयर निवडून सलग क्षेत्र निवडणाऱ्या साधनाने आकृतीच्या बाहेर क्लिक करावे. शेपटी आणि पाय यांच्यामध्ये अडकलेली मोकळी जागाही निवडीत जोडून घ्यावी. मग निवड उलटी करून ३ ते ४ पिक्सेलनी आत घ्यावी. यामुळे रंगाची कड रेषेच्या पोटाखाली जाते आणि बाहेर डोकावत नाही.

३. पायाच्या लेयरवर येऊन ही निवड अंगाच्या मुख्य रंगाने भरावी. आता संपूर्ण प्राणी एका रंगाचा सलग ठसा म्हणून दिसतो.

४. त्यावर, त्याच ग्रुपमध्ये, पोट, पंखांचा पडदा, शिंगे-नखे आणि डोळे यांसाठी वेगवेगळे लेयर घ्यावेत. या प्रत्येक लेयरवर ‘इनहेरिट अल्फा’ सुरू करावे, म्हणजे रंग पायाच्या ठशाबाहेर जात नाही.

चौथ्या पायरीत क्रिटाच्या नव्या वापरकर्त्यांचा नेहमी गोंधळ होतो. ‘इनहेरिट अल्फा’ केवळ लगेच खालच्या लेयरकडे पाहत नाही. त्याच ग्रुपमधल्या, आपल्या खालच्या सर्व लेयरांचा एकत्रित आकार तो धरतो. लेयर ग्रुपमध्ये नसतील तर भरलेली पार्श्वभूमीही त्यात मोजली जाते आणि रंग कॅनव्हासभर पसरतो. सोय बिघडल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात ग्रुप राहून गेलेला असतो. पायाच्या लेयरवर मात्र ‘इनहेरिट अल्फा’ लावायचे नाही. फोटोशॉप आणि क्लिप स्टुडिओ पेंटमध्ये हेच काम क्लिपिंगने होते. गिंपमध्ये पायाच्या ठशावरून लेयर मास्क बनवणे हा सोपा मार्ग आहे.

रंग निवडताना अगदी भडक आणि अगदी फिकट अशी दोन्ही टोके टाळावीत. मुळातच पूर्ण तेजस्वी असलेल्या रंगावर चमक दाखवायला जागा उरत नाही, आणि मुळात गडद असलेल्या रंगात सावली बुडून जाते. तीन-चार रंग पुरेत. अंग मध्यम, पोट त्याहून फिकट, शिंगे सर्वांत फिकट किंवा सर्वांत गडद, अशी उतरंड ठेवावी.

तपासणी: सर्वांत वर एक लेयर घेऊन तो काळ्या रंगाने भरावा आणि त्याचा ब्लेंडिंग मोड (वरचा लेयर खालच्या रंगांत कसा मिसळतो ते ठरवणारी सोय) ‘कलर’ करावा. चित्र राखाडी दिसते. पोट आणि अंग एकाच राखाडीत मिसळत असतील तर रंगछटा वेगळ्या असूनही त्यांचा गडद-फिकेपणा सारखा आहे, असा त्याचा अर्थ. त्यांतला एक बदलावा. हा लेयर पुसू नये, लपवून ठेवावा, कारण पुढे त्याची वारंवार गरज पडते.

टप्पा ५: प्रकाशाची दिशा ठरवणे

वेगळ्या लेयरवर एक ठळक बाण काढावा आणि काम संपेपर्यंत तो दिसता ठेवावा. सुरुवातीला वरून, डावीकडून आणि किंचित समोरून येणारा प्रकाश घ्यावा. अगदी समोरचा प्रकाश आकार सपाट करतो आणि थेट मागचा प्रकाश जवळजवळ सगळे अंग सावलीत ढकलतो. दोन्ही हाताळता येतात, पण शिकताना नकोत.

बाण काढून थांबू नये. प्रत्येक घन आकाराकडे पाहून त्याची कोणती बाजू बाणाकडे वळली आहे आणि कोणती फिरली आहे, हे एकदा मनाशी म्हणावे. डोक्याचा माथा उजेडात, जबड्याची खालची बाजू सावलीत. छातीचा वरचा भाग उजेडात, पोटाचा खालचा घेर सावलीत. उजवा पंख अंगामागे असल्यामुळे त्याचे मूळ सावलीत. एवढे ठरले की निम्मे शेडिंग झाले.

टप्पा ६: मुख्य सावली

ग्रुपमध्ये सर्व रंगांच्या वर नवा लेयर घ्यावा, त्यावर ‘इनहेरिट अल्फा’ सुरू करावे आणि ब्लेंडिंग मोड ‘मल्टिप्लाय’ करावा.

सावलीसाठी काळा किंवा निव्वळ करडा रंग वापरू नये. मल्टिप्लाय म्हणजे खालच्या आणि वरच्या रंगाचा गुणाकार, हे ध्यानात ठेवले की कारण आपोआप कळते. अंगाचा हिरवा १२०, १८०, ९० असा असेल आणि सावलीसाठी फिकट जांभळा १७०, १५०, २०० असा घेतला, तर प्रत्येक जोडीचा गुणाकार करून २५५ ने भागल्यावर ८०, १०६, ७१ हा रंग मिळतो. तो गडद आहेच, पण हिरव्याचा भडकपणा कमी होऊन तो थंड झाला आहे आणि तरीही हिरवाच राहिला आहे. हाच जांभळा पोटाच्या पिवळ्यावर आणि शिंगांच्या पांढुरक्या रंगावरही आपोआप योग्य परिणाम देतो, त्यामुळे संपूर्ण प्राणी एकाच उजेडात उभा असल्यासारखा दिसतो. काळ्या रंगाने गुणले की उत्तर काळेच येते. त्याची ओपॅसिटी कमी करून मिळणारी सावली म्हणजे मूळ रंगावर काजळी धरल्याचा भास.

सावली कडक कडेच्या, पूर्ण अपारदर्शक ब्रशने घालावी. अंगाची स्वतःची सावली आणि एका अवयवाची दुसऱ्यावर पडणारी पडछाया, या दोन्ही एकाच लेयरवर आणि एकाच रंगाने काढाव्यात. त्यांचे दोन मल्टिप्लाय लेयर केले की जिथे त्या एकमेकींवर येतात तिथे दुप्पट गडद डाग पडतो. प्रत्यक्षात ज्या भागावर मुळातच प्रकाश पोहोचत नाही, त्यावर आणखी पडछाया पडण्याचा प्रश्नच नसतो.

क्रम मोठ्याकडून लहानाकडे ठेवावा. आधी पोटाचा खालचा घेर, दूरचे पाय, शेपटीची खालची बाजू आणि पंखाखालचा पाठीचा भाग; मग मान आणि डोके; नखे, पोटावरचे पट्टे आणि नाकपुड्या शेवटी. ‘वेढे’ हा लेयर पुन्हा दिसता करून सावलीची कड त्याच बाकाने फिरवावी.

डोक्याचे उदाहरण जवळून पाहू. प्रकाश वरून-डावीकडून असल्यामुळे सावलीची कड उजव्या गालावरून उतरते. भुवईचा उंचवटा डोळ्याच्या वरच्या भागावर एक अरुंद पडछाया टाकतो, आणि एवढ्यानेच डोळा खोबणीत बसतो. जबड्याची पडछाया मानेवर पडते. मान नळकांड्यासारखी गोल असल्यामुळे या पडछायेची खालची कड सरळ नसते, ती मानेभोवती वळत जाते. इथे सरळ कड काढली तर मान लगेच फळीसारखी सपाट होते.

कडक सावली पूर्ण झाल्यावरच काही निवडक कडा मऊ कराव्यात. गोलाईवरून हळूहळू वळणारी कड, म्हणजे पोट, गाल आणि मांडी, मऊ खोडरबराने किंवा ब्लेंडिंग ब्रशने विरघळवावी. पडछायेची कड ती टाकणाऱ्या अवयवाजवळ तीक्ष्ण ठेवावी आणि दूर जाताना किंचित सैल करावी. शिंगांवर आणि नखांवर कडक कडच चांगली दिसते. सर्वच कडा मऊ केल्या तर चित्र धुरकट होते, आणि कार्टून शैलीला ते विशेष मारक ठरते.

इशारा: प्रत्येक अवयवाच्या रेषेलगत चहूबाजूंनी गडद पट्टा आणि मधोमध फिका ठिपका अशी सावली दिसू लागली, तर आपण प्रकाश सोडून बाह्यरेषेच्या मागे चाललो आहोत. अशा वेळी डागडुजी करू नये. लेयर रिकामा करून बाणाकडे पाहत पुन्हा सुरुवात करणे कमी वेळात होते.

तपासणी: चित्र लहान करून अंगठ्याच्या नखाएवढे पाहावे आणि राखाडी लेयरही सुरू करावा. उजेड आणि सावली निम्मे-निम्मे वाटले गेले असतील तर चित्र द्विधा दिसते. उजेडाचा भाग दोन-तृतीयांशाच्या आसपास ठेवणे या शैलीत मानवते.

टप्पा ७: दुसरी सावली, परावर्तित उजेड आणि चमक

मुख्य सावली पटल्याशिवाय इथे येऊ नये.

दुसऱ्या मल्टिप्लाय लेयरवर, जिथे दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकतात केवळ तिथे, अधिक गडद सावली द्यावी: काखेत, बोटांच्या फटींत, पंखाच्या मुळाशी, आणि शेपटी जमिनीला टेकते त्या रेघेत. हा भाग फार थोडा असावा. तो वाढला की प्राणी जळल्यासारखा दिसतो.

जमिनीवरून परतणारा उजेड पोटाच्या आणि जबड्याच्या खालच्या कडेला हलकेच दाखवावा. तो सावलीपेक्षा फिका, पण उजेडातल्या कोणत्याही भागापेक्षा गडदच राहिला पाहिजे. ही मर्यादा ओलांडली की प्रकाश दोन दिशांनी येतो असे वाटू लागते आणि आधीची सगळी मेहनत फुकट जाते.

पंखांचा पडदा पातळ असतो, त्यामुळे मागून उजेड येत असेल त्या भागात तो नुसता फिका न होता अधिक भडक आणि उबदार होतो, तर हाडे काळसर उठून दिसतात. यासाठी खालचा रंग उजळवणाऱ्या ‘स्क्रीन’ मोडच्या लेयरवर नारिंगीची हलकी छटा पुरेशी आहे. समोरून उजेड पडणाऱ्या पंखाला हे लागू नाही.

खवले सगळीकडे काढू नयेत. पृष्ठभागाचा खडबडीतपणा सर्वांत ठळक दिसतो तो उजेड आणि सावली जिथे मिळतात तिथे, कारण तिथे प्रकाश तिरपा घासून जातो. खवल्यांचे पाच-सहा पुंजके त्या सीमेवर ठेवले की उरलेले अंग पाहणाऱ्याची नजर स्वतःच भरून काढते. चमकेचे ठिपकेही असेच जपून द्यावेत: डोळे, ओलसर नाक आणि शिंगांचा प्रकाशाकडचा भाग. कातडीवर चमक दिली की ती प्लास्टिकची दिसते.

शेवटी रेषेच्या लेयरला अल्फा लॉक (रंग फक्त आधी काढलेल्या भागावरच बसू देणारी सोय) लावून उजेडातल्या रेषा शेजारच्या रंगाच्या गडद छटेने रंगवाव्यात; सावलीतल्या रेषा गडदच राहू द्याव्यात. जमिनीवरची पडछाया ग्रुपच्या बाहेर, ड्रॅगनच्या खाली, स्वतंत्र लेयरवर काढावी आणि ती प्रकाश येतो त्याच्या विरुद्ध बाजूला जाते का, हे पाहावे. ही सर्वांत मोठी सावली असते आणि तीच शेवटी, घाईत काढली जाते. म्हणून दिशेची चूक इथेच जास्त आढळते.

टप्पा ८: जतन करणे

मूळ फाइल क्रिटाच्या केआरए स्वरूपात सर्व लेयरांसह ठेवावी आणि प्रत्येक टप्प्याअखेर ‘सेव्ह इन्क्रिमेंटल व्हर्जन’ वापरून नवी प्रत करावी. लेयर एकत्र करायचेच असतील तर ते प्रतीत करावेत, मुळात नाही. बाहेर देण्यासाठी पीएनजी वापरावे. जेपीईजीमध्ये पारदर्शक पार्श्वभूमी टिकत नाही आणि जाड रेषांच्या कडेला बारीक डाग येतात. देण्याआधी बाणाचा, वेढ्यांचा, राखाडी तपासणीचा आणि करड्या पार्श्वभूमीचा लेयर लपवला आहे ना, हे पाहावे आणि तयार झालेली पीएनजी फाइल एकदा पांढऱ्या व एकदा काळ्या पार्श्वभूमीवर उघडावी. आकृतीबाहेर राहिलेले सुटे पिक्सेल आणि रेषेबाहेर आलेला रंग तिथे लगेच नजरेस पडतो.